धुळीचा परवाना : फिनिक्सचा व्हेगासला चालेल?

प्रश्न : मी मूळचा नाशिकचा, अमेरिकेत फिनिक्समध्ये साइट इंजिनिअर आहे. कंपनी आता लास व्हेगासच्या कामावर पाठवते आहे. दोन्हीकडे वाळवंटच, मग इथलाच धूळ-नियंत्रणाचा आराखडा तिथे दिला तर चालेल का? पावसाने माती वाहून जाते त्याचं काय?

उत्तर : नाही चालणार. साहेब म्हणाले तरी कॉपी मारू नका. फिनिक्सच्या मॅरिकोपा काउंटीत (काउंटी म्हणजे तिथला जिल्हा) ०.१० एकर, म्हणजे आपले ४ गुंठे जमीन उकरली की परवाना लागतो. व्हेगासच्या क्लार्क काउंटीत ही मर्यादा पाव एकर. तुमच्या कामाला दोन्हीकडे लागणारच, म्हणून हा फरक सोडून द्या.

खरी मेख मातीत आहे. तुमच्या जागेची माती किती धूळ उडवणारी, हे क्लार्क काउंटी आधी विचारते आणि त्यावर उपाय ठरतात. फिनिक्सचा कागद इथेच अडतो.

डंपरच्या टायरला लागून रस्त्यावर येणारी माती मॅरिकोपात सगळ्या गेटांची मिळून २५ फूट भरली की लगेच झाडायची. क्लार्कमध्ये हा आकडा ५० फूट. म्हणून पाणी मारणाऱ्या टँकरवाल्यावर नजर ठेवा. त्याने पाण्याचा हात सैल सोडला की धूळ बसते खरी, पण चिखल होतो आणि तोच रस्त्यावर जातो.

काम थांबलेल्या जागेवर पाणी मारून पापडी धरली का, याची चाचणी मात्र दोन्हीकडे एकच, आणि मला फार आवडते. पाच अष्टमांश इंचाची पोलादी गोळी, गोटीएवढी, एक फुटावरून सोडायची. तीनदा. दोनदा तरी पापडी फुटून भुगा झाला नाही, तर पास. खिशात एक गोळी ठेवाच. इन्स्पेक्टर येण्याआधी आपणच टाकून बघावी.

धुपेचं खातं वेगळं. धूळ काउंटीच्या हवा विभागाकडे, तर पावसाच्या पाण्याचा परवाना राज्याकडे, एक एकरापासून पुढे. गाळ अडवायच्या जाळीने धूळ थांबत नाही. गेटवरचा खडीचा पट्टा तेवढा दोन्ही कामांना येतो.

क्लार्क काउंटीचा धूळ-नियंत्रणाचा वर्ग मात्र काम सुरू व्हायच्या आधीच उरकून घ्या.