मिलचं गणित

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

परवा वहिनी पेढे घेऊन आल्या. तू अग्निवीर झालास आणि वर आर्टिलरी मिळाली हे ऐकून मी इतक्या जोरात "वा!" म्हणालो की त्या दचकल्या. आता माझा आवाजच तसा झालाय. आमचे वडील इथं सोलापुरात साखर पेठेत मागावर होते. जन्म खटखटीत गेला, तेही घरात ओरडूनच बोलायचे. त्यांचे कान मागानं खाल्ले, माझे तोफेनं. कानाचं शेवटी सांगतो.

चार वर्षांनी चारातल्या एकालाच ठेवतात, मग काय, ही चर्चा गल्लीत चालली असेल. चालू दे. तू आत्ता गणिताची वही काढ.

तू मागं विचारलं होतंस, शत्रू समोर आला की कसं वाटतं. अरे, गनरला बहुतेक वेळा शत्रू दिसतच नाही. 1999 च्या उन्हाळ्यात कारगिलच्या लढाईत मी द्रासला बोफोर्स तोफेवर लेयर, म्हणजे नेम लावणारा होतो, हुद्द्यानं नायक. टोलोलिंग, टायगर हिलवर काही तोफांनी शिखर नजरेसमोर धरून थेट मारा केला, ती गोष्ट वेगळी. एरवी माझ्यापुढं काय, तर डायल साइट या नेमाच्या यंत्रावरचे आकडे आणि पाणसळीतला बुडबुडा. लक्ष्य डोंगरापलीकडं. ते दिसायचं ओपीवाल्याला, म्हणजे पुढं राहून मारा बघणाऱ्याला, जो पायदळाबरोबर वर चढलेला असायचा. तो वायरलेसवर सांगणार, गन पोझिशनला हिशोब होणार, टॅनॉयवरून, म्हणजे तोफेजवळच्या कर्ण्यावरून, आकडा येणार आणि मी तो साइटवर लावणार. माझी लढाई म्हणजे तो आकडा.

आता मिल समजून घे. वर्तुळाचे आपण 360 अंश करतो, तोफखाना 6400 मिल करतो. एक मिल चुकला की हजार मीटरवर गोळा साधारण एक मीटर बाजूला पडतो. क्षुल्लक वाटतं ना? पण मारा 12 किलोमीटरवर असेल आणि चूक 100 मिलची असेल, तर गोळा जवळजवळ 1200 मीटर सरकला. शिवाय डोंगरात सपाटीसारखं नसतं. शिखराच्या दहा-वीस मीटर वरनं गोळा गेला तर तो पलीकडच्या दरीतच जातो, आणि थोडा आखूड पडला तर खाली उतारावर आपलीच पोरं दबा धरून असतात. त्यात तिथली हवा विरळ, गोळा सपाटीपेक्षा लांब जाणार, म्हणजे तोही हिशोब आला.

एका रात्रीचं सांगतो. सलग तिसरी रात्र, डोळे मिटत होते. गोळा 40 किलोच्या वर, तो उचलून उचलून पोरांच्या पाठी मोडल्या होत्या. जून असूनही रात्री लोखंडाला हात लावला की चटका बसावा तशी थंडी, आणि मी इथल्या 44 डिग्रीत वाढलेला. टॅनॉयवर आकडा आला 2340. मी तोंडानं 2340 म्हणालो आणि साइटवर लावलं 2440. नंबर वन, म्हणजे तोफेचा प्रमुख, फ्यूजच्या भानगडीत होता. माझ्या शेजारी टॉर्च धरून एक नवा पोरगा होता, वारंगलकडचा, एकोणीस वर्षांचा. हिंदी कच्ची. तो एकदम किंचाळला, "आगन्ना! आगन्ना!"

बाकी कुणाला काही कळलं नाही. मला कळलं. आपल्या पूर्व भागात निम्मी गल्ली तेलुगू बोलते, लहानपणी गोट्या खेळताना दिवसातून पन्नास वेळा हे ऐकलंय. थांब, दादा. माझा हात जागेवर थांबला. त्यानं बोटानं आकडा दाखवला. 24, तिथं 23 हवे होते.

खाली बघून आकडा नीट केला, पाणसळ जुळवली, "रेडी" म्हणालो. मग फायर. दुसऱ्या दिवशी मी नंबर वनला स्वतःहून सांगितलं. शिव्या खाल्ल्या. खायलाच हव्या होत्या. पण त्यानंतर आमच्या तोफेवर पद्धत पडली: आकडा लावणारा मोठ्यानं म्हणणार, आणि दुसरा कुणीतरी साइट वाचून मोठ्यानं म्हणणार. मी हवालदार होऊन नंबर वन झालो तेव्हाही हेच.

तुला तिथं सगळे सांगतील, हुकूम आला की करायचं, तोंड उघडायचं नाही. बरोबरच आहे. पण आकडा चुकलेला दिसला तर ओरड. ज्याची चूक आहे तो सुभेदार असला तरी ओरड. वडील नव्या पोराला मागावर उभं करताना पहिल्यांदा माग चालवायला शिकवत नसत, थांबवायला शिकवत. उभा धागा तुटला आणि धोटा तसाच पळू दिला, तर चादरभर रेघ पडते. शेटजी चादर बाजूला फेकणार आणि मजुरी कापणार. तिथं मजुरीवर भागतं.

त्या युद्धात आपल्या तोफखान्यानं अडीच लाखांवर गोळे आणि रॉकेटं डागली. त्यातले माझ्या हातून किती गेले, मोजले नाहीत. तो एक मात्र मी अजून मोजतो, जो गेला नाही.

हो, भाषा सोडू नकोस. मराठी, कानडी, तेलुगू, हिंदी, सोलापूरच्या पोराला हे फुकट मिळतं आणि पलटणीत फार उपयोगी पडतं. मेसमध्ये भाकरीची आठवण काढून रडू नकोस. कडक भाकरी आणि शेंगा चटणी आईकडून बांधून घे, पण पहिल्याच आठवड्यात वाटून संपव. लपवून ठेवणाऱ्याला कुणी जवळ करत नाही.

आता कान. आम्ही तरुण होतो, कानात बोळे घालायला लाज वाटायची. कुणी कापूस घालायचा, कुणी तेही नाही. आता रात्री पंखा बंद केला तरी माझ्या डाव्या कानात रातकिडा चालूच असतो. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला होम मैदानावर शोभेचं दारूकाम झालं, तेव्हा नातू टाळ्या पिटत होता आणि मी प्रकाश दिसला की आवाज येईपर्यंत सेकंद मोजत होतो. तीन सेकंदाला एक किलोमीटर. सवय जात नाही. पण पूर्वी जो आवाज छातीत बसायचा, तो आता गादीवर उशी आपटल्यासारखा येतो.

तिथं जे कानात घालायला देतील ते घाल, कुणी हसलं तरी. मी मेडिकलमधून फोमचे बोळे आणून ठेवलेत, चार जोड. रविवारी सकाळी येऊन घेऊन जा. येताना वही आणि कंपासपेटी आण, मिलची दोन-चार गणितं करू. आणि दारातून हाक मारू नकोस, मला ऐकू येत नाही. सरळ आत ये.

तुझा,
शेजारचा काका