साखळीहून मडगाव रोज, की मडगावातच खोली?

प्रश्न थोडक्यात असा: वय 23, साखळीचे रहिवासी, वाळपईचं पोलीस ट्रेनिंग संपवून मडगावला पहिलं पोस्टिंग. हातात साधारण 33 हजार येतात, त्यातले 10 हजार घरी द्यायचे. खोलीचं भाडं 8 हजार, डिपॉझिट 30 हजार. आई म्हणते, घर असताना भाडं कशाला? बाबा म्हणतात, साडेनऊ हजारांचा हप्ता धरून कार घे आणि ये-जा कर.

कारचा विषय आधी मिटवतो. नको. त्या हप्त्यात पेट्रोल धरलेलंच नाही, आणि पाच वर्षांत तुमची बदली कुठे होईल हे बाबांनाही ठाऊक नाही आणि तुम्हालाही.

आता बाईक. फोंड्यावरून जाऊन-येऊन रोज 90 किलोमीटर धरू. लिटरला 45 दिले तर महिन्याच्या 26 दिवसांना 52 लिटर लागतात. लिटरला शंभर रुपये धरले की 5,200 झाले. वर्षाला 28 हजार किलोमीटर पळणाऱ्या गाडीला टायर, चेन, ऑइल काही सोडत नाही. त्याचे 1,300 मिळवा. एकूण 6,500.

एकट्याने खोली घेतली तर भाडं, वीज-पाणी, खाणावळ आणि आठवड्याला घरची एक फेरी मिळून 13,300 जातात. पण बॅचमेटबरोबर घेतलीत तर तुमच्या वाट्याला 4 हजार भाडं, 500 वीज-पाणी, 4 हजार जेवण आणि 800 पेट्रोल. म्हणजे 9,300. आईच्या आणि तुमच्या हिशेबातलं अंतर उरतं 2,800.

माझ्या मते ते 2,800 द्यावेत. तुमची नोकरी दहा ते पाचची नाही. नाईट संपवून सकाळी, किंवा बंदोबस्त उठल्यावर मध्यरात्री, पावसात, डोळ्यांवर झोप घेऊन बोरीचा पूल ओलांडायचा, हा खर्च आईच्या हिशेबात कुठेच नाही.

तुम्ही जाता जाता लिहिलेलं एक वाक्य मला सगळ्यांत जास्त खटकलं: बाईक बाबांच्या नावावर आहे. गाडीच्या विम्यासोबत 15 लाखांचं जे अपघात संरक्षण असतं, ते नोंदणीकृत मालक स्वतः चालवत असेल तरच लागू होतं. म्हणजे बाबांना आहे, तुम्हाला नाही. कुठेही राहा, आधी आरटीओत गाडी आणि मग विमा तुमच्या नावावर करून घ्या. तोवर बँकेत प्रधानमंत्री सुरक्षा विमा सुरू करा. वर्षाला 20 रुपयांत दोन लाखांचं अपघात संरक्षण आहे. पगाराच्या खात्यावर वेगळं अपघात कव्हर आहे का, तेही विचारा. बऱ्याचदा असतं, फक्त घरच्यांना माहीत नसतं.

खोलीचा करार करताना एक अट लिहून घ्या: बदली झाल्यास महिन्याच्या नोटिशीत खोली सोडता येईल आणि डिपॉझिट पूर्ण परत मिळेल. (भाडेकरू पडताळणीचा फॉर्मही भरा. पोलिसाचाच राहून गेला तर ठाण्यात वर्षभर तोच विनोद चालेल.) सरकारी क्वार्टरसाठी अर्ज आजच टाका. मिळालं तर घरभाडे भत्ता बंद होईल, म्हणून तेव्हा पुन्हा आकडे मांडा. भाड्याच्या पावत्यांनी कर वाचतो, असं मित्र सांगतो ते तुम्हाला लागू नाही. नव्या करप्रणालीत ती सूट नाही, आणि 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर तुम्हाला कर बसतच नाही.

घरचे 10 हजार देऊन 13,700 उरतात. त्यातून आधी अडीअडचणीसाठी 60 हजार आरडीत, म्हणजे बँकेच्या आवर्ती ठेवीत, साठवा. ते होईपर्यंत कुठल्याही एजंटाच्या पॉलिसीवर सही नको. निवृत्तीसाठी एनपीएसमध्ये (राष्ट्रीय पेन्शन योजनेत) मूळ पगार आणि महागाई भत्त्याचे 10 टक्के तुमचे कापले जातातच.

आणि उद्या डिचोली किंवा पणजीला ऑर्डर निघाली, तर हे सगळं गणित उलटं होतं. तेव्हा महिन्याची नोटीस द्या आणि सरळ साखळीला परत या.