‘अपघाती शोध’ म्हणावे का?

सौरघटाच्या (सोलर सेलच्या) इतिहासावरील मजकुराचा अनुवाद करताना ‘अपघाती शोध’ ही शब्दयोजना चालेल का, आणि त्याऐवजी एखादा जुना मराठी शब्द आहे का, अशी पृच्छा आहे.

‘अपघाती’ टाळावे, असे माझे मत आहे. मराठीत अपघात म्हटला की इजा, नुकसान किंवा मृत्यू डोळ्यांपुढे येतो. ‘अपघाती विमा’ हा शब्दप्रयोग त्याच अर्थावर उभा आहे. शोध लागल्याने कोणाचे हातपाय मोडत नाहीत.

आता पर्यायांकडे वळण्यापूर्वी घटना नेमकी काय होती ते पाहू. १९४० च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेचे रसेल ओल हे रेडिओलहरी टिपण्यासाठी उपयोगी पडेल अशा सिलिकॉनची तपासणी करत होते. त्यांच्याजवळच्या एका कांडीला चीर गेलेली होती आणि तिच्यावर प्रकाश पडला की सुमारे अर्धा व्होल्ट विद्युतदाब निर्माण होत असे. वितळलेले सिलिकॉन गोठताना त्यातील अशुद्धी वेगवेगळ्या भागांत विभागल्या गेल्या होत्या आणि त्या भागांच्या सीमेवर, आज जिला आपण पी-एन संधी (म्हणजे दोन भागांचा सांधा, इंग्रजीत जंक्शन) म्हणतो, ती आपोआप तयार झाली होती. पुढे १९५४ मध्ये त्याच संस्थेतील चॅपिन, फुलर आणि पिअर्सन यांनी सुमारे सहा टक्के कार्यक्षमतेचा सिलिकॉन सौरघट जगापुढे ठेवला, तो याच तत्त्वावर.

संस्कृतातून आलेले दोन न्याय, म्हणजे दाखल्यादाखल वापरली जाणारी वचने, इथे हमखास सुचवले जातात. घुणाक्षरन्यायात लाकूड पोखरणाऱ्या किड्याकडून नकळत अक्षरासारखी आकृती कोरली जाते. परंतु किड्याला अक्षर वाचता येत नाही, आणि ओल यांना मात्र ते वाचता आले. चिरलेली कांडी टाकाऊ म्हणून फेकून न देता तिच्या विचित्र वागण्याचा त्यांनी पाठपुरावा केला. काकतालीय न्याय, म्हणजे आपली ‘कावळा बसायला आणि फांदी मोडायला’ ही म्हण, तर याहून गैरलागू आहे, कारण तिथे दोन घटनांत कार्यकारणभाव नसतो, हेच सांगायचे असते; कांडीवरचा प्रकाश आणि तिच्यातली वीज यांत तो होता, किंबहुना तोच तर शोध होता. ‘अनायास’ही नको, त्यात कष्टावाचून मिळाल्याचा भाव आहे.

खरे तर उत्तर विशेषणात शोधण्यापेक्षा क्रियापदात शोधावे. ‘शोध लावणे’ आणि ‘शोध लागणे’ असा भेद मराठीने आधीच करून ठेवला आहे. लावणाऱ्याच्या बाजूला हेतू आणि प्रयत्न असतात, तर लागणारा शोध माणसाच्या पदरात येऊन पडतो. (‘शोध घेणे’ मात्र वेगळे, तो घेऊनही लागेलच असे नाही.) म्हणून ‘ओल यांना प्रकाशाने वीज देणाऱ्या संधीचा शोध लागला’ आणि ‘चॅपिन, फुलर व पिअर्सन यांनी व्यवहारोपयोगी सौरघटाचा शोध लावला’ ही दोन वाक्ये शेजारी ठेवली, तर इतिहासातला फरक वेगळ्या शब्दावाचून कळतो.

मथळ्यासाठी विशेषण हवेच असेल, तर ‘योगायोगाने लागलेला शोध’ लिहावे, जागा कमी असल्यास ‘अवचित शोध’. आणि कांडीला पडलेल्या त्या चिरेबद्दल लिहिताना ‘अपघाताने’ हा शब्द खुशाल वापरावा.