पट्टी निघाली, चिकटा राहिला

प्रश्न : सिस्टर, सासूबाईंच्या (वय ७४) उजव्या गुडघ्याचा सांधा बदलला. टाके काढून आठ दिवस झाले, जखम कोरडी आहे, डॉक्टरांनी आंघोळीला परवानगी दिली आहे. पण गुडघ्याभोवती पट्टीच्या गोंदाची चौकट तशीच राहिली आहे. तिला कपड्याचं सूत चिकटून काळी किनार झालीय, गाऊन सारखा चिकटतो. हातावर सलाइनच्या पट्टीचे डाग आहेत, छातीवर ईसीजीच्या चकत्यांचे गोल आहेत. संक्रांत तोंडावर आली आणि सासूबाई म्हणतात, ‘हे अंगावर असताना मी देवाला हात लावायची नाही.’ काल मी दूध आणायला गेले तेवढ्यात त्या वज्री घेऊन घासायला बसल्या. शेजारच्या काकू घासलेट लावायला सांगतात, नणंद नेलपॉलिश रिमूव्हर. त्यांना रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. काय करू?
— एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : सगळ्यात आधी ती वज्री न्हाणीघरातून उचला. बाकीचं सावकाश केलं तरी चालेल.

सासूबाईंना मात्र रागावू नका. तीन आठवडे दुसऱ्याच्या हातून अंग पुसून घ्यावं लागलं की माणसाला आपलंच अंग परकं वाटायला लागतं. चौतीस वर्षं वॉर्डात काढल्यावर मी हे खात्रीने सांगते. टाके निघाले तरी तो चिकटा दिसत राहतो आणि आजारपण अजून संपलं नाही असं वाटत राहतं. त्यांना संक्रांतीला तीळगूळ स्वतःच्या हाताने देवापुढे ठेवायचा आहे, आणि ते जमणार आहे.

हा चिकटा मळ नाही, म्हणूनच तो घासून जात नाही. पट्टीचा गोंद मऊ असतो. अंगाच्या उबेने तो हळूहळू पसरतो आणि कातडीच्या बारीक रेघांत जाऊन बसतो. पट्टी जितके दिवस राहील तितका तो आत मुरतो. पाण्यात तो विरघळत नाही, त्यामुळे कढत पाणी ओतून काहीच होत नाही, कातडी तेवढी कोरडी पडते. तेलात मात्र तो सैल होतो. तुमच्या स्वयंपाकघरातलं खोबरेल तेल त्याला पुरेसं आहे.

सध्या थंडी आहे, खोबरेल बाटलीत थिजलं असेल. ते वितळवू नका. साधारण चोवीस अंशांच्या खाली ते गोठतं, आणि आपल्याला ते घट्टच हवंय, कारण घट्ट तेल ओघळत नाही. जखमेच्या रेघेपासून दोन बोटं जागा कोरडी सोडा आणि त्याच्या बाहेर चिकट्यावर बोटाने थर द्या. अंगाच्या उबेने ते आपोआप वितळेल. दहा मिनिटं तसंच राहू द्या. मग कापसाने नको, कापसाचे तंतू गोंदात अडकतात; मऊ जुन्या धोतराच्या तुकड्याने किंवा नुसत्या बोटाच्या पेराने हलके गोल फिरवा. थोड्या वेळाने गोंदाच्या बारीक काळ्या वळ्या होऊन सुटायला लागतील, कणकेच्या परातीच्या कडेला सुटतात तशा. जेवढ्या सुटतील तेवढ्या पुसून घ्या आणि थांबा. उरलेलं उद्या. गुडघ्याची चौकट दोन-तीन दिवसांत जाते, ईसीजीचे गोल बहुधा पहिल्याच दिवशी.

खोबरेल नसेल तर तिळाचं तेल, व्हॅसलीन, लहान मुलांचं तेल, काहीही चालेल. सरसोंचं तेल मात्र नको. इंदुरात ते घरोघरी असतं आणि मालिशीला हात आधी त्याच्याकडेच जातो, पण ते झोंबतं, आणि पट्टीखालची कातडी आधीच हळवी झालेली असते.

हे सगळं त्यांना खुर्चीवर बसवून करा, न्हाणीघरात उभं करून नाही. नंतर कोमट पाणी आणि साध्या साबणाने तेल पूर्ण काढा, पाय टिपून कोरडा करा, फरशी पुसा आणि मगच त्यांना उठू द्या. तेलकट तळपाय, ओली फरशी आणि नवा सांधा हे एकत्र येऊ देऊ नका.

आता काकूंचं आणि नणंदेचं. घासलेटने गोंद निघतो हे खरं, पण कातडीवर राहिलं तर ते भाजल्यासारखे फोड आणतं. शिवाय सासूबाई समईसमोर बसणार. नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये बहुधा ॲसिटोन असतं, ते कातडीतला सगळा ओशटपणा ओढून घेतं. स्पिरिटनेही गोंद निघतो, तरुण धडधाकट हातावर मी ते वापरलंही आहे, पण चौऱ्याहत्तरीच्या कातडीला नको. तेल अजिबात नको असेल तर चिकटा काढायचे सिलिकॉनचे स्प्रे आणि पुसण्या असतात. पोटावर पिशवी लावावी लागणारे रुग्ण रोज तेच वापरतात. दवा बाजारात विचारून पाहा.

आणि काहीच केलं नाही तरी? कातडीचा वरचा थर तरुणपणी सुमारे चार आठवड्यांत नवा होतो, उतारवयात त्याहून सावकाश; चिकटा त्याच्याबरोबर गळून जातो. सासूबाईंना हेही सांगा.

मी इतकं बजावते आहे त्याला कारण आहे. १९८४ साली मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. तेव्हा पांढरी रबरी चिकटपट्टी असायची आणि तिचे डाग आम्ही ईथरने पुसायचो. सकाळच्या राउंडच्या आधी सगळ्या पट्ट्या बदलून व्हायच्या असत, म्हणून मी घाईत होते. एका आजींच्या मनगटाजवळची पट्टी मी एका झटक्यात ओढली. पट्टीबरोबर कातडी आली. रुपयाएवढा पातळ पापुद्रा, ओल्या कांद्याच्या सालीसारखा, एका बाजूने हाताला धरून राहिलेला. खाली लालभडक, आणि पाहता पाहता भोवती जांभळं पसरलं. आजी ओरडल्या नाहीत. नुसतं ‘हळू गं पोरी’ म्हणाल्या. ते मी अजून विसरलेले नाही.

आमच्या वॉर्डाच्या सिस्टर केरळच्या होत्या. त्यांनी मला बाजूला केलं, ओल्या गॉजने तो पापुद्रा अलगद सरकवून जागेवर बसवला, वर न चिकटणारी पट्टी ठेवली, सैल बांधली. मग माझ्याच हातावर एक पट्टी लावून दाखवलं. म्हणाल्या, “पट्टी को चमड़ी से मत खींचो, चमड़ी को पट्टी से छुड़ाओ.” पट्टीचं टोक उचलायचं, ते वर न ओढता मागे दुमडून अंगाला लागून न्यायचं, केस ज्या दिशेला आहेत त्या दिशेला. आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने सुटणाऱ्या जागेवरची कातडी खाली दाबत पुढे जायचं. पट्टी स्थिर, कातडी सरकते. तुमच्याकडे अजून पट्ट्या काढायच्या असतील तर असंच करा, कडेला आधी तेलाचं बोट लावून.

म्हातारपणी कातडीचे वरचा आणि खालचा हे दोन थर एकमेकांत पूर्वीसारखे गुंतलेले राहत नाहीत, नुसते एकावर एक टेकलेले असतात. म्हणून ते घसरतात आणि फाटतात. त्यात रक्त पातळ करायची गोळी. आणि सासूबाईंच्या बाबतीत त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तो नवा सांधा. गुडघ्याजवळ कातडी सोलली की जंतूंना वाट मिळते, आणि बसवलेल्या सांध्यात जंतू शिरले तर पुन्हा शस्त्रक्रियेपर्यंत वेळ येऊ शकते. चिकट्याच्या डागाने कधी कुणाचं काही बिघडलेलं नाही. वज्रीने बिघडू शकतं.

कुठे फाटलंच तर पापुद्रा ओढून काढू नका, हळद भरू नका. स्वच्छ कपड्याने दाबून रक्त थांबवा, न चिकटणारी पट्टी ठेवा आणि दाखवायला न्या. पट्टी काढल्यावर आलेला लालसरपणा अर्ध्या तासात ओसरायला हवा. तो राहिला, किंवा पट्टीच्या नेमक्या आकारात खाज आणि बारीक पुटकुळ्या आल्या, तर ती त्या गोंदाची ॲलर्जी असू शकते. डॉक्टरांना सांगून फाइलवर लिहून घ्या. जखम गरम लागली, लाली पसरत गेली, पाणी किंवा पू आला, ताप आला तर संक्रांत संपायची वाट पाहू नका, त्याच दिवशी जा.

प्रश्न : मुलाचं अपेंडिक्स दुर्बिणीतून काढलं, आज सहावा दिवस. छिद्रांवर कागदासारख्या बारीक पट्ट्या आहेत, एका ठिकाणी नुसता चकचकीत थर आहे. हेही तेलाने काढू का?
— एक वडील, देवास

उत्तर : नाही, इथे तेलाचं बोटही नको. हा मागे राहिलेला चिकटा नाही, जखमेच्या कडा यांनीच धरून ठेवल्या आहेत. चकचकीत थर हा कातडी जोडायचा गोंद आहे. तेल, व्हॅसलीन किंवा कुठलंही मलम लागलं तर तो वेळेआधी सुटतो. एरवी साधारण पाच ते दहा दिवसांत तो आपोआप पापुद्र्यासारखा निघतो. कागदी पट्ट्या दहा-बारा दिवसांत कडेने सुटत गळतात. दोन आठवडे उलटून गेले तरी राहिल्या तर डॉक्टरांना विचारा. मधेच एखादं टोक उचललं आणि शर्टाला अडकायला लागलं, तर तेवढंच टोक कात्रीने कापा, पट्टी ओढू नका.