बाबांचा शब्द, शिष्यवृत्तीचे पत्र आणि तीन आठवडे

प्रश्न : ताई, मी अठरा वर्षांची आहे आणि मला रसायनशास्त्रात संशोधन करायचे आहे. मला दोन विद्यापीठांत प्रवेश मिळाला आहे. एकाचे नाव सर्वांना ठाऊक आहे, पण तिथे पूर्ण शुल्क भरावे लागेल. दुसरे विद्यापीठ चांगले आहे, मात्र त्याचे नाव फारसे कुणी ऐकलेले नाही. त्यांनी मला चारही वर्षांची पूर्ण शिष्यवृत्ती देऊ केली आहे. बाबा चार वर्षांनी निवृत्त होतील. ते म्हणतात, निवृत्तीसाठी ठेवलेली पुंजी मोडू, उरलेल्या रकमेचे कर्ज काढू, पण ही संधी सोडायची नाही. नातेवाइकांना त्यांनी सांगूनही टाकले आहे. धाकटा भाऊ चौदा वर्षांचा आहे. दोघेही पालक पदवीधर आहेत. मला शिष्यवृत्ती घ्यावीशी वाटते, पण तसे म्हटले तर बाबा खचतील आणि मलाही जन्मभर हळहळ वाटत राहील, अशी भीती वाटते. निर्णय कळवायला तीन आठवडे उरले आहेत. मी काय करू?

उत्तर :

प्रिय मुली,

मुदत जवळ आली आहे, म्हणून माझे मत आधीच सांगते. तू लिहिली आहेस तशीच परिस्थिती असेल, तर तू शिष्यवृत्ती घ्यावीस. मात्र तसे कळवण्यापूर्वी या तीन आठवड्यांत दोन कामे करायची आहेत, त्यांच्याकडे मी पुढे येते. नामांकित विद्यापीठाच्या नावाला काही अर्थ नसतो, असे मी तुला सांगणार नाही, कारण ते खरे नाही. बाबांचा आग्रह पोकळ नाही, आणि तो पोकळ आहे असे समजून तू त्यांच्याशी बोलायला गेलीस तर ते तुझे ऐकणार नाहीत.

नावामुळे नेमके काय मिळते, याचा अमेरिकेत बराच काटेकोर अभ्यास झाला आहे. स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर या अर्थतज्ज्ञांनी १९७६ साली महाविद्यालयात दाखल झालेल्या विद्यार्थ्यांच्या पुढील कमाईची तुलना करून २००२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांची युक्ती मला फार आवडते. नामांकित संस्थेत शिकलेले सर्व आणि इतरत्र शिकलेले सर्व अशी सरधोपट तुलना त्यांनी केली नाही, कारण नामांकित संस्था मुळातच हुशार मुले निवडते. ज्यांनी सारख्याच तोडीच्या संस्थांकडे अर्ज केले आणि ज्यांना सारखेच प्रवेश मिळाले, पण ज्यांनी प्रत्यक्षात वेगवेगळ्या ठिकाणी शिकायचे ठरवले, अशा विद्यार्थ्यांना त्यांनी शेजारी शेजारी ठेवले. तेव्हा संस्थेच्या निवडकपणामुळे कमाईत पडणारा फरक बहुतेकांच्या बाबतीत जवळजवळ नाहीसा झाला. तुला त्या नामांकित विद्यापीठाने निवडले आहे, म्हणजे त्यांना हवी असलेली बुद्धी आणि चिकाटी तुझ्याकडे आहेच, आणि ती तू दुसरीकडे गेलीस तरी तुझ्याबरोबरच येणार आहे.

या निष्कर्षाला एक महत्त्वाचा अपवाद आहे. गरीब घरांतील विद्यार्थ्यांना निवडक संस्थेचा लाभ स्पष्टपणे झालेला दिसला, आणि पुढच्या अभ्यासात कृष्णवर्णीय व हिस्पॅनिक (स्पॅनिशभाषक देशांतून आलेल्या घरांतील) विद्यार्थी आणि ज्यांचे पालक फारसे शिकलेले नव्हते अशी मुले यांच्याही बाबतीत तेच आढळले. ज्या घरात विद्यापीठाची पायरी पूर्वी कुणी चढलेले नाही, त्या घरातील मुलीने हेच पत्र लिहिले असते तर मी इतक्या खात्रीने उत्तर दिले नसते. तुझे पालक पदवीधर आहेत, म्हणून हा अपवाद तुला लागू होईल असे मला वाटत नाही.

आता तुझ्या विरोधात जाणारा पुरावाही सांगते, कारण तो लपवून दिलेला सल्ला तुझ्या कामाचा नाही. राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन या अर्थतज्ज्ञांनी २०२३ मध्ये अमेरिकेतील सर्वांत निवडक अशा १२ विद्यापीठांचा अभ्यास मांडला. प्रतीक्षायादीतून प्रवेश मिळालेल्या आणि न मिळालेल्या विद्यार्थ्यांची तुलना केल्यावर असे दिसले की तिथे शिकल्याने सरासरी कमाई फारशी बदलत नाही. परंतु कमाईच्या सर्वोच्च १ टक्क्यात पोहोचण्याची शक्यता सुमारे निम्म्याने वाढते, अत्यंत नामांकित संस्थेत पुढील शिक्षण घेण्याची शक्यता जवळजवळ दुप्पट होते, आणि प्रतिष्ठित कंपन्यांत काम मिळण्याची शक्यता तिपटीच्या घरात जाते. यातील पुढील शिक्षणाचा मुद्दा तुझ्याशी थेट संबंधित आहे. मात्र हे निष्कर्ष त्या १२ विद्यापीठांपुरते आहेत. तुझे नामांकित विद्यापीठ त्या तोडीचे आहे, की केवळ प्रसिद्ध आहे, हे तू मन घट्ट करून तपास. क्रमवारीतील वीस-तीस स्थानांच्या फरकाला हा निष्कर्ष परस्पर लावता येत नाही.

तू कोणत्या वाटेने जाणार आहेस, यावर मात्र सर्वांत जास्त अवलंबून आहे. तुला मोठ्या वित्तसंस्थेत किंवा सल्लागार कंपनीत जायचे असते, तर पदवीनंतर लगेच मोठा पगार मिळाला असता, आणि अशा ठिकाणी भरती करणारे लोक विद्यापीठाच्या नावाकडे खरोखरच पाहतात. तुझी वाट निराळी आहे. पदवीनंतर तू पीएचडी करशील, आणि अनेक देशांत विज्ञानातील पीएचडीच्या विद्यार्थ्याला शुल्कमाफी व विद्यावेतन मिळते. ही मोठी सोय आहे, पण विद्यावेतन म्हणजे पगार नव्हे. त्यात एका माणसाचे साधेपणाने भागते. कर्जाचे हप्ते त्यातून सहज निघत नाहीत. पुढे पीएचडी झाल्यावरही काही वर्षे तात्पुरत्या नेमणुकांवर काढावी लागू शकतात. म्हणजे कर्जाचे हप्ते सुरू होतील तेव्हा बाबा निवृत्त झालेले असतील, तू विद्यावेतनावर असशील आणि भाऊ विद्यापीठाच्या वयाचा झालेला असेल. तुझ्या पत्रातील तीन वेगवेगळ्या वाक्यांत आलेल्या या तीन गोष्टी एकाच वर्षी एकत्र येतात, आणि मला सर्वांत जास्त काळजी याच वर्षाची वाटते. हप्त्यांच्या ओझ्याने पीएचडीचा विचार सोडून पहिली मिळेल ती नोकरी धरावी लागली, तर ज्या संशोधनासाठी हे सगळे करायचे तेच हातून जाईल.

कर्जाचा आकडा घरात नेहमी मुद्दलाच्या रूपात बोलला जातो, म्हणून एक साधा हिशेब करून पाहा. समजा, एकूण १०० एककांचे कर्ज आहे, दर वर्षाच्या सुरुवातीला २५ याप्रमाणे चार वर्षांत ते उचलले, आणि व्याजदर १० टक्के आहे. शिक्षण सुरू असताना काही भरले नाही, तर साध्या व्याजानेही पदवीच्या दिवशी देणे १२५ झालेले असते. तिथून पुढे दहा वर्षे समान मासिक हप्ते भरले, तर एकूण परतफेड सुमारे १९८ होते. दर आणि मुदत तुमच्या कर्जाप्रमाणे घाल, आकडे बदलतील. पण उचललेल्या रकमेच्या जवळजवळ दुप्पट फेडायची, ही गोष्ट बाबांनी कागदावर पाहिलेली असावी. मोडलेल्या पुंजीवर पुढे मिळू शकले असते ते उत्पन्न यात धरलेलेच नाही. आणि तू तरुण आहेस, तुला शिक्षणासाठी कर्ज मिळू शकते; निवृत्तीनंतरच्या दैनंदिन खर्चासाठी त्यांना कर्ज कोण देणार?

आता ती दोन कामे. पहिले म्हणजे शिष्यवृत्तीचे पत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचणे. हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगते. माझी शिष्यवृत्ती दुसऱ्या वर्षी बंद झाली होती. मी आजारी पडले, एका सत्रात दोन विषय सोडले, आणि प्रत्येक सत्रात किमान इतके विषय पूर्ण केलेच पाहिजेत, ही अट मी कधी वाचलीच नव्हती. म्हणून ‘पूर्ण’ या शब्दात काय काय येते ते विचार. केवळ शुल्क, की निवास आणि भोजनही? शुल्क दरवर्षी वाढले तर शिष्यवृत्तीही वाढणार का? शुल्क वर्षाला ५ टक्क्यांनी वाढले तर चौथ्या वर्षी ते पहिल्या वर्षापेक्षा जवळजवळ १६ टक्क्यांनी अधिक असते, आणि रक्कम ठरलेली असेल तर तो फरक घरातून भरावा लागतो. किमान गुणांची अट किती आहे, ती दर सत्राला तपासतात की वर्षाला, आणि एकदा गुण घसरले तर सावरायची संधी देतात का? मुख्य विषय बदलला तर काय होते? आजारपणात सुट्टी घेता येते का? उत्तरे तोंडी घेऊ नकोस, लेखी माग.

दुसरे काम म्हणजे नामांकित विद्यापीठाला आर्थिक मदतीच्या फेरविचारासाठी लिहिणे. यात भीक मागितल्यासारखे काही नाही. अनेक मोठी विद्यापीठे गुणवत्तेवर शिष्यवृत्ती देतच नाहीत; अमेरिकेतील आयव्ही लीग या अतिशय नामांकित गटातील आठही विद्यापीठे कुटुंबाची गरज पाहूनच मदत देतात, आणि त्यांतील प्रिन्स्टनने तर २००१ पासून आपल्या मदतीतून कर्ज वगळून त्या जागी अनुदान द्यायला सुरुवात केली. तुला मदत मिळाली नाही, याचा अर्थ आजच्या उत्पन्नावरून तुमची गरज कमी आहे असे त्यांना वाटले, एवढाच असू शकतो. बाबांची निवृत्तीची तारीख त्या अर्जात होती का? नसेल, तर तिचा पुरावा आणि दुसऱ्या विद्यापीठाचे शिष्यवृत्तीचे पत्र जोडून नम्रपणे लिही. त्यांनी मोठा वाटा उचलला, तर माझे मत बदलू शकते. नकार आला, तर आपण सर्व प्रयत्न केले हे बाबांनाही दिसेल, आणि मला वाटते त्यांच्या मनाला त्याची गरज आहे.

शिष्यवृत्तीच्या विद्यापीठाबद्दल माझी एकच शंका आहे, आणि ती त्याच्या नावाविषयी नाही. पदवीच्या विद्यार्थ्यांना तिथल्या प्रयोगशाळेत खरे काम करायला मिळते का, हे तू शोधून काढ. पीएचडीच्या प्रवेशात शिफारसपत्राला मोठे वजन असते, आणि ज्या प्राध्यापकांनी तुला दोन वर्षे प्रयोग करताना, चुकताना आणि चूक सुधारताना पाहिले आहे, त्यांच्या पत्राची सर नुसत्या ओळखीच्या पत्राला येत नाही. रसायनशास्त्र विभागातील दोन-तीन प्राध्यापकांना आजच लिही, त्यांच्याकडे पदवीचे किती विद्यार्थी काम करतात ते विचार, आणि तिथून पुढे पीएचडीला गेलेल्या एखाद्या विद्यार्थ्याशी बोल. तिथे पदवीच्या विद्यार्थ्यांना प्रयोगशाळेचे दार बंदच असेल, तर मला पुन्हा लिही. तेव्हा मी दुसरे उत्तर देईन.

हळहळीविषयी तू विचारलेस. ती वाटेल, असे मला वाटते, विशेषतः पहिल्या वर्षी, आणि तिला घाबरू नकोस. एक वाट धरली की दुसरी सुटतेच. नामांकित विद्यापीठात गेलीस तर बाबांच्या रिकाम्या झालेल्या खात्याचा विचार तुला अभ्यास करताना छळणार नाही का? तू ज्या तऱ्हेने पत्रात भावाचे वय न विसरता लिहिले आहेस, त्यावरून तो छळेल असेच मला वाटते.

बाबांशी बोलताना ‘आपल्याला परवडत नाही’ असे म्हणू नकोस. त्यांनी मुलीसाठी सर्वस्व देऊ केले आहे आणि त्या वाक्याने ते दुखावतील. शिष्यवृत्तीचे पत्र त्यांच्या हातात दे आणि त्यांना ते मोठ्याने वाचायला सांग. एका विद्यापीठाने त्यांच्या मुलीला निवडले, आणि दुसऱ्याने तर तिच्या चार वर्षांचा खर्चच उचलायची तयारी दाखवली, ही गोष्ट नातेवाइकांना सांगताना त्यांचा शब्द खाली पडत नाही. मग प्राध्यापकांची उत्तरे दाखव आणि त्यानंतर हिशेबाचा कागद. तुझ्या संपूर्ण पत्रात आईचे मत मात्र कुठेच आलेले नाही. पुंजी दोघांची आहे आणि निवृत्तीनंतरची वर्षेही दोघांची आहेत, म्हणून तो कागद बाबांपुढे ठेवण्याच्या आदल्या दिवशी आईजवळ बस आणि तिला काय वाटते ते विचार.

तुझी,
ताई