वापरात नसलेल्या बाथरूममधून गटाराचा वास येतोय, काय करावं?

आधी एक बादली पाणी ओता, बाकी नंतर बघू. जाळीखाली नहाणी ट्रॅप असतो, त्यात साधारण 2 इंच पाणी साठून राहतं आणि तेच गटाराचा गॅस अडवतं, पण बाथरूम वापरलंच नाही की ते वाळतं, पुण्यातला एप्रिल-मे म्हणजे तर विचारूच नका. आमच्या कोथरूडच्या फ्लॅटमधे पाहुण्यांची बाथरूम आहे, सुट्टीत महिनाभर गावी जाऊन आलो तर दार उघडताच भपकारा, वर दोन झुरळं स्वागताला! प्लंबर बोलवायच्या आधी जाळी उचलून टॉर्च मारला तर आत ठणठणीत कोरडं.

आता दर रविवारी एक बादली ओततो, बेसिनचा नळ सोडतो आणि फ्लश करतो, कारण कमोडमधलं पाणीपण आटतं. गावी जाताना पाणी ओतून वर दोन चमचे गोडेतेल टाकायचं, तवंगामुळे पाणी लवकर उडत नाही.

पाणी भरूनही वास येत असेल तर जाळीखालची वाटी (ट्रॅपचाच भाग, तिच्यामुळेच पाणी गॅस अडवू शकतं) जागेवर आहे का बघा, सफाईवाले काढतात आणि परत बसवतच नाहीत. तीपण ठीक असेल तर मग कमोडचा जॉइंट नाहीतर व्हेंट पाइप, म्हणजे गटाराचा गॅस वर छताकडे सोडणारा पाइप, तिथे मात्र प्लंबरच लागेल. फिनेल ओतत बसू नका, फक्त दोन वास एकत्र येतात.