भूगोलप्रसाराच्या कामात येऊ पाहणाऱ्या तरुणास

प्रिय विद्यार्थिमित्रा,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतचा आराखडा मिळाला. भूगोलाची गोडी लावणारी संस्था उभी करावी, तिने व्याख्याने, नकाशांची प्रदर्शने आणि प्रश्नमंजूषा घ्याव्यात, हा तुझा विचार मला मनापासून आवडला. मात्र त्या साऱ्या आराखड्यात शाळेतला भूगोलाचा शिक्षक कोठेच आढळला नाही, म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहे.

पॅरिस (१८२१), बर्लिन (१८२८) आणि लंडन (१८३०) येथील जुन्या भूगोल-संस्थांचे लक्ष प्रारंभी मुख्यतः शोधमोहिमा, नवे नकाशे आणि प्रवाशांचे वृत्तान्त यांकडे होते. साम्राज्यविस्ताराशी त्या कामाचा संबंध होता, हेही विसरू नये. शिक्षणाकडे त्यांपैकी लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीचे गंभीरपणे लक्ष गेले ते स्थापनेनंतर पन्नासहून अधिक वर्षांनी. तिने जॉन स्कॉट केल्टी यांच्याकडून भूगोलशिक्षणाच्या स्थितीची पाहणी करून घेतली आणि पुढे तिच्याच आर्थिक साहाय्याने १८८७ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठात भूगोल शिकवण्यासाठी हॅल्फर्ड मॅकिंडर यांची नेमणूक झाली. विद्यापीठात विषयाला मान मिळाला, हे मोठेच काम होते. पण वर्गात फळ्यासमोर उभ्या असलेल्या शिक्षकाची अडचण त्याने लगेच सुटणार नव्हती.

ती अडचण शिक्षकांनीच हाती घेतली. १८९३ मध्ये इंग्लंडमधील काही शाळाशिक्षक ऑक्सफर्डला एकत्र आले आणि त्यांनी जिऑग्राफिकल असोसिएशन स्थापन केली. त्यांच्यापुढचा आरंभीचा प्रश्न अगदी साधा होता: मॅजिक लँटर्नवर, म्हणजे काचेवरचे चित्र दिव्याच्या उजेडाने पडद्यावर मोठे करून दाखवणाऱ्या जुन्या यंत्रावर, दाखवायच्या चित्रांच्या काचा एकेका शाळेने जमवत बसण्यापेक्षा त्यांची आपसांत देवघेव कशी करावी? ज्या मुलाने हिमनदी कधी पाहिलेली नाही, त्याला ती शब्दांनी समजावणे किती कठीण असते, हे शिकवणाऱ्यालाच कळते, आणि म्हणूनच या काचांच्या देवघेवीला मी किरकोळ मानत नाही. १९०१ पासून त्या संस्थेने शिक्षकांसाठी नियतकालिक चालवले. ती संस्था आजही काम करते आहे, याचे कारण मला तिच्या या आरंभातच दिसते.

लोकांना भूगोल ऐकवण्यापेक्षा तो त्यांच्याकडून करवून घेणे अधिक मोलाचे, असे माझे ठाम मत आहे. १९३० च्या दशकात भूगोलतज्ज्ञ डडली स्टँप यांनी ब्रिटनच्या भूमी उपयोजनाचे सर्वेक्षण हाती घेतले, तेव्हा शाळांतील मुले आणि शिक्षक मैलाला सहा इंच प्रमाणाचे नकाशे घेऊन शेतोशेत फिरले आणि कोठे नांगरट, कोठे कुरण, कोठे वन, याची नोंद त्यांनी केली. दुसऱ्या महायुद्धात अन्नोत्पादनाचे नियोजन करताना हे नकाशे उपयोगी पडले. ज्या मुलाने स्वतःच्या पायांनी एक चौरस मैल तपासला, त्याला नकाशातले चिन्ह म्हणजे काय, हे पुन्हा सांगावे लागत नाही.

प्रश्नमंजूषेविषयी मी थोडा कठोर आहे. राजधान्या आणि नद्यांची नावे झटपट सांगणे हे भूगोलाचे प्रवेशद्वार असू शकते, पण स्पर्धा तिथेच थांबली तर मुलांना विषय म्हणजे पाठांतर वाटू लागते. १९९६ मध्ये हेग येथे सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय भूगोल ऑलिंपियाडचा नमुना तू अभ्यासावास. तिथे लेखी उत्तरे आणि दृक्‌साहित्यावरील चाचणी यांच्यासह क्षेत्रकार्यही असते, आणि एकूण गुणांपैकी ४० टक्के गुण त्यालाच असतात. स्पर्धकाला परक्या ठिकाणी निरीक्षण करावे लागते, नकाशा काढावा लागतो आणि त्यावरून निष्कर्ष मांडावा लागतो.

आणखी एक सांगतो. सभासदत्वाचे नियम लिहिताना दार कोणासाठी बंद राहते, हे नीट तपास. लंडनच्या त्याच सोसायटीने १८९२-९३ मध्ये २२ स्त्रियांना सभासद करून घेतले, मग विरोध झाल्यावर ते थांबवले, आणि स्त्रियांना पुन्हा प्रवेश मिळण्यास १९१३ साल उजाडले. तोवरच्या वीस वर्षांत किती जाणकार स्त्रिया त्या संस्थेबाहेर राहिल्या असतील, याची मला आजही हळहळ वाटते.

आराखडा तूर्त बाजूला ठेव आणि भूगोल शिकवणाऱ्या पाच शिक्षकांच्या वर्गात जाऊन बस. त्यांच्याकडे कोणते नकाशे आहेत, क्षेत्रभेट शेवटची कधी झाली आणि ती पुन्हा का झाली नाही, हे त्यांच्याच शब्दांत उतरवून मला पाठव. त्या टिपणांवरून पहिल्या वर्षाचे काम आपण दोघे मिळून ठरवू.

तुझा हितचिंतक